आडवा काप आणि उभा काप

वळवाचं वादळ येऊन गेलं की सोलापूर जिल्ह्यात कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर, बांधावर किंवा वस्तीसमोर एखादं मोठं झाड आडवं झालेलं असतं. पुढचा क्रम सगळीकडे सारखाच. आधी फांद्या सवळल्या जातात, मग चेनसॉवाला येतो आणि बुंध्याचे दोन-दोन, तीन-तीन फुटांचे तुकडे पाडतो, कारण तेवढाच तुकडा दोन माणसांना उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकता येतो. ट्रॉली वजनकाट्यावर जाते आणि तिथून वीटभट्टीवर किंवा जळणाच्या वखारीत. साठ-सत्तर वर्षं सावली दिलेलं झाड संध्याकाळपर्यंत टनाच्या भावानं विकलेलं असतं. झाड पडलं तेव्हा नुकसान झालं असं आपण म्हणतो, पण लाकडाचं खरं नुकसान त्यानंतर तासाभरानं होतं, बुंध्यावर पहिला आडवा काप बसतो तेव्हा. त्या कापाआधी त्या बुंध्यातून दाराची चौकट, शाळेचं बाक, पाट, पलंग, टेबल यांपैकी काहीही निघू शकलं असतं. त्या कापानंतर त्याच्यातून फक्त जाळ निघतो.

हा आडवा काप घेणारं यंत्र एका साध्या चौकटीच्या आधारानं तोच बुंधा उभा चिरून त्याचे जाड पाट आणि फळ्याही काढू शकतं. जगात या जोडणीला चेनसॉ मिल म्हणतात. अमेरिकेतल्या ग्रॅनबर्ग कंपनीनं ‘अलास्कन मिल’ या नावानं ती प्रसिद्ध केली, आणि नावामुळे असं वाटतं की हे अवजार अलास्कासारख्या अफाट जंगलांच्या मुलखाचं असावं. माझं म्हणणं उलट आहे. जिथे झाडं दाट आणि सरळ आहेत, तिथे मोठी आरागिरणी हेच योग्य साधन. चौकटीचं हे छोटं अवजार खरं उपयोगी पडतं ते सोलापूरसारख्या जिल्ह्यात, जिथे झाडं थोडी आहेत, विखुरलेली आहेत, वेडीवाकडी आहेत आणि म्हणूनच वाया जातात.

सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि राज्यातल्या सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. इथलं नैसर्गिक वैभव म्हणजे माळरान. नान्नजचं माळढोक अभयारण्य त्याची साक्ष देतं. झाडं आहेत ती बांधावर, विहिरीजवळ, देवळापुढे, भीमा-सीनेच्या काठांवर, जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा. म्हणजे लाकूड आहे, पण एका जागी एकच झाड. आरागिरणीला हे गणित परवडत नाही. साठ सेंटिमीटर व्यासाचा आणि तीन मीटर लांबीचा ओंडका घ्या. त्यात सुमारे ०.८५ घनमीटर, म्हणजे तीस घनफूट लाकूड असतं आणि ओलं असताना त्याचं वजन पाऊण ते एक टन भरतं. व्यास नव्वद सेंटिमीटर असेल तर तेवढ्याच लांबीत दोन टनांच्या आसपास वजन जातं. एवढा अखंड ओंडका उचलायला क्रेन हवी, न्यायला ट्रक हवा, आणि क्रेन नांगरटीच्या रानात शिरत नाही. एका झाडासाठी हा खर्च कोण करणार? म्हणून ओंडक्याचे तुकडे होतात. शेतकऱ्याला किंवा ठेकेदाराला लाकडाची किंमत कळत नाही असं मुळीच नाही. वजन त्याला तुकडे करायला भाग पाडतं.

दुसरीकडे याच जिल्ह्यातली घरं, मंगल कार्यालयं आणि शाळा यांच्यासाठी लागणारं लाकूड शेकडो किलोमीटरवरून येतं. साग चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, त्याची ख्याती एवढी की २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठीही बल्लारपूरहूनच सागवान पाठवलं गेलं. स्वस्तातलं पाइन समुद्रापार न्यूझीलंडसारख्या देशांतून कांडला बंदरात उतरतं आणि गांधीधामच्या गिरण्यांतून चिरून आपल्याकडे पोचतं. बांधावरचा कडुनिंब वीटभट्टीत आणि न्यूझीलंडचं पाइन दिवाणखान्यात, ही उलटी वाहतूक वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिच्यात आपल्याला काही खटकत नाही, हेच मला खटकतं.

पूर्वी असं नव्हतं. वीज आणि गिरण्या येण्याआधी लाकूड चिरणारे झाडाकडे जात. जमिनीत खड्डा खणायचा, त्यावर ओंडका आडवा टाकायचा, एकानं वर उभं राहायचं, दुसऱ्यानं खड्ड्यात उतरायचं आणि लांब करवत वर-खाली ओढत बुंधा उभा चिरायचा. भुसा खालच्याच्या डोळ्यांत जाई, दिवसभरात मोजक्या फळ्या निघत, पण झाड पडलं तिथेच त्याच्या फळ्या होत आणि मग त्या बैलगाडीत सहज मावत. गिरणी आली तेव्हा कष्ट कमी झाले आणि काप बारीक, सरळ झाला. मात्र गिरणी एका जागी बसली आणि झाडानं तिच्याकडे जायचं असा नियम झाला. जंगलाच्या जिल्ह्यात तो चालून गेला. माळरानाच्या जिल्ह्यात त्या नियमानं गावातलं लाकूड सुताराच्या हातून काढून भट्टीत घातलं. पुढे १२ डिसेंबर १९९६ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जंगलतोडीविरुद्ध ऐतिहासिक आदेश दिला, आणि त्या खटल्याच्या ओघात आरागिरण्यांच्या परवान्यांवर देशभर कडक बंधनं आली. जंगल वाचवण्यासाठी ती आवश्यकच होती. पण त्यामुळे गिरण्या गावोगावी वाढतील आणि प्रत्येक पडलेल्या झाडाला जवळची गिरणी मिळेल, ही शक्यता संपली. चेनसॉची चौकट ही त्या अर्थानं नवी कल्पनाच नाही. गिरणीनं झाडाकडे जायचं, ही खड्ड्यावरच्या करवतीची जुनी रीत तिनं परत आणली आहे.

चेनसॉ मुळात आडव्या कापासाठी घडला. जर्मनीत आंद्रेआस श्टील यानं १९२६ साली विजेवर चालणारं यंत्र केलं, ते दोघांनी मिळून धरावं लागे. तीन वर्षांनी त्याचं पेट्रोलवरचं यंत्र आलं. आजच्या साखळीचा आकार मात्र एका अळीची देणगी आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं १९४६ साली एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती आपल्या दोन वाकड्या जबड्यांनी डावीकडे-उजवीकडे चावत लाकडाच्या रेषेतून उभीही जात होती आणि आडवीही. तिच्या जबड्याचा आकार पोलादात उतरवून कॉक्सनं साखळीचे दात घडवले आणि पुढच्याच वर्षी त्या साखळीचा धंदा सुरू केला. आज सोलापुरात जो चेनसॉ दिसतो त्याचा दात त्याच घराण्यातला आहे. मात्र अळीला जे सहज साधतं ते यंत्राला तितकं सहज साधत नाही. लाकूड म्हणजे बुंध्याच्या लांबीत उभ्या रचलेल्या असंख्य बारीक नळ्या. आडव्या कापात दात त्या नळ्या तोडतो आणि ढलप्या मोकळ्या पडतात. चौकट लावून बुंध्याच्या लांबीत पुढे सरकताना मात्र दातासमोर सतत नळ्यांची तोंडं येतात, आणि लाकूड सर्वांत चिवट असतं ते त्याच दिशेनं. खाटकाचा ठोकळा नळ्यांची तोंडं वर करूनच का ठेवलेला असतो, हे आठवलं की मुद्दा लक्षात येईल. म्हणून चिराईसाठी साखळीला वेगळी धार लावतात. आडव्या कापाच्या दाताची धार साधारण ३० अंशांत तिरपी असते, ती १० अंशांवर आणली की दात झटके न देता लाकूड खरवडत जातो आणि फळीचा पृष्ठभाग बराच गुळगुळीत निघतो. चेनसॉवाल्याकडे कानस असतेच. हवी असते ती फक्त ही माहिती.

चौकटीची रचना समजायला कठीण नाही. चेनसॉच्या लांब पट्टीला दोन्ही टोकांशी पकडणारी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट, आणि तिच्यावर समांतर बसवलेल्या दोन दांड्या. दांड्या ओंडक्याच्या वरच्या सपाटीवरून सरकतात, आणि पट्टी त्यांच्या खाली ठरलेल्या अंतरावर लाकूड चिरत जाते. हे अंतर अर्ध्या इंचापासून बारा इंचांपर्यंत हवं तसं ठरवता येतं. पहिल्या कापाच्या वेळी ओंडका गोल असतो, सपाटी नसते, म्हणून त्यावर सरळ शिडी किंवा लोखंडी कोन पाण्याच्या पातळीनं सरळ करून ठोकतात आणि चौकट त्यावरून चालवतात. सगळी सफाई या पहिल्या कापात असते. तो पिळलेला निघाला तर पुढचा प्रत्येक पाट त्याचीच नक्कल करतो. काप पुढे जाईल तसतशा मागे लाकडी पाचरी ठोकत जायचं, नाहीतर वरचा पाट बसून पट्टी आवळली जाते. यंत्राच्या ताकदीबाबत मात्र स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. बाजारात सर्रास मिळणारा ५८ सीसीचा, २२ इंची पट्टीचा चेनसॉ चौकटीत बसवला की पकडींत जाणारा भाग वजा होऊन कापाची रुंदी १७-१८ इंचच उरते, आणि बाभळीत तो दमतो. दोन फुटांच्या पुढच्या बुंध्यासाठी नव्वद सीसी किंवा त्याहून मोठं यंत्र हवं. एका कापाला पाव तास सहज लागतो आणि तेवढा वेळ यंत्र पूर्ण वेगात असतं. हवेनं थंड होणारं दोन-स्ट्रोकचं इंजिन मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत असं राबवणं म्हणजे ते जाळणं. हे काम पहाटेचं आणि हिवाळ्याचं.

आता पहिला आक्षेप, आणि तो लाकडाच्या धंद्यातल्या जाणत्यांचा आहे: चेनसॉ लाकूड खातो. खरं आहे. आरागिरणीच्या पट्टा-करवतीचा काप दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, तर चेनसॉच्या साखळीचा आठ-नऊ मिलिमीटरचा. एक इंची, म्हणजे २५ मिलिमीटरच्या फळ्या काढल्या तर चेनसॉमध्ये प्रत्येक ३४ मिलिमीटरमागे ९ मिलिमीटरचा भुसा होतो, म्हणजे लाकडाचा चौथा हिस्सा गेला. गिरणीत हेच प्रमाण दहाव्या हिश्शाच्या जवळ असतं. एवढ्यावर थांबलं तर आक्षेप निर्णायक आहे. पण पाट दोन इंची काढला की चेनसॉची नासाडी पंधरा टक्क्यांवर येते, तीन इंची काढला की अकरावर. यातूनच वापराची योग्य रीत निघते: रानात चेनसॉनं जाड पाट पाडायचे, आणि बारीक फळ्या हव्या असतील तर ते पाट मुरल्यावर परवानाधारक गिरणीत नेऊन पट्टा-करवतीवर चिरून घ्यायचे. साठ सेंटिमीटरच्या ओंडक्यातला सर्वांत रुंद दोन इंची पाट तीन मीटर लांब असला तरी ओला असताना नव्वद किलोंच्या आसपास भरतो. चार माणसं तो उचलतात, आणि ज्या ट्रॉलीत जळणाचे तुकडे जाणार होते त्याच ट्रॉलीत पाट जातात. शिवाय तुलना कशाशी करायची हा प्रश्न आहेच. गिरणीशी तुलना केली तर चेनसॉ उधळा ठरतो. पण ज्या झाडाच्या नशिबी गिरणी नाहीच, त्याची तुलना भट्टीशी करायला हवी, आणि भट्टीत नासाडी शंभर टक्के असते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो. पाट झाला तर तो घरात राहतो, जाळला तर त्याच दिवशी हवेत जातो.

गिरणीवाले रस्त्याकडेचं लाकूड घ्यायला नाखूश असतात त्याचं दुसरंही कारण आहे: खिळे. आपल्याकडे रस्त्यावरच्या झाडाइतकं सोशिक कुणी नसेल. शिकवण्यांच्या आणि सोडतीच्या पाट्या, निवडणुकीचे फलक, गुरं बांधायचे आकडे, तारेचं कुंपण, आणि काही ठिकाणी उताऱ्याचे, करणीचे म्हणून ठोकलेले खिळेसुद्धा. झाड ते सगळं गिळून वर नवं लाकूड चढवतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. पट्टा-करवत अशा खिळ्यावर आदळली तर महागाचं पातं तुटतं आणि माणसाला इजा होण्याचा धोकाही मोठा. चेनसॉच्या साखळीचे दात जातात, पण साखळी स्वस्त असते, खुंटलेले दात कानशीनं पुन्हा घासता येतात, फारच झालं तर साखळी बदलून काम पुढे चालू राहतं. म्हणजे ज्या लाकडाला गिरणी दारात उभं करत नाही, त्याला हे अवजार हात लावू शकतं. खिळ्याभोवती लाकूड निळं-काळं पडतं, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या पाटावर तसा डाग दिसला की पुढे जपून जायचं. आणि झाडांना खिळे ठोकणं बंद करायचं, हे वेगळं सांगायला हवं का?

दुसरा आक्षेप असा की सोलापूरची झाडं जळणाच्याच लायकीची, त्यांत साग-शिसवाची सर नाही. हा समज आपल्या सुतारांच्या आजोबांनी हसण्यावारी नेला असता. गाडीची चाकं, नांगर, कुळव, तेलाचे घाणे ज्या बाभळीचे होत, तिचं आतलं तांबूस लाकूड आजही तितकंच चिवट आहे. वाईट असतं ते बाहेरचं फिकट लाकूड. त्यात पिठूळ अंश असतो, भुंगे त्यावर तुटून पडतात, म्हणून साल काढून बाभळीचं लाकूड पाण्यात बुडवून ठेवायची जुनी पद्धत होती आणि ती रसायनशास्त्राला धरूनच होती. कडुनिंब हा महोगनीच्या कुळातला. लाकूड तांबूस, वासाचं, कीड सहसा न लागणारं. त्याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे रंधा मारताना त्रास देतात आणि चकाकी फार चढत नाही, पण कपाटाच्या फळीला चकाकी कशाला हवी? चिंचेचा काळसर-जांभळा गाभा इतका घट्ट असतो की ठोकळे आणि मोगऱ्या त्याच्याच करतात. अडचण एवढीच की गाभा लहान आणि भोवतालचं पिवळट लाकूड जास्त. आणि शहरातल्या रस्त्यांकडेचा विलायती शिरीष, ज्याला आपण रेन ट्री म्हणतो, तो तर मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातला, आणि त्याचे अखंड रुंद पाट जगभर टेबलांसाठी मागितले जातात, कारण तो वाळताना फारसा आकसत नाही. आपण मात्र त्याच्या फांद्या वाहतुकीला अडथळा म्हणून छाटतो आणि बुंधा तुकडे करून देतो. वड-पिंपळ मात्र यातून वगळावेत. लाकूड मऊ, लवकर किडणारं. वडाचं लाकूड पाण्याखाली टिकतं म्हणून विहिरीच्या बांधकामात तळाला घालत, पण फर्निचर त्याचं होत नाही. ज्याचं काही होत नाही त्याच्यावर पेट्रोल जाळू नये.

वेडी बाभूळ मात्र वेगळ्या विचाराची मागणी करते. हे परदेशी, काटेरी झाड माळरानं आणि ओढ्यांचे काठ गिळत चाललं आहे, गवत मारतं, आणि त्याचा कोळसा करण्यापलीकडे आपण काही केलेलं नाही. तिची सख्खी बहीण अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये मेस्किट म्हणून उगवते, तिथेही पशुपालक तिच्या नावानं खडे फोडतात, पण तिच्या लाकडाची जमीन आणि फर्निचर तिथे मानाचं समजलं जातं, कारण वाळताना फार कमी हलणाऱ्या लाकडांत ते मोडतं. आपल्याकडची झाडं बुटकी आणि वाकडी असतात, तीन-चार फुटांपेक्षा लांब सरळ तुकडा विरळा. गिरणीला असला तुकडा नको असतो. छोट्या चौकटीला तो चालतो. पोळपाट, चौरंग, शेल्फाच्या फळ्या, हत्यारांच्या मुठी यासाठी याहून लांब तुकडा लागत नाही. माळरान मोकळं करताना निघणारं लाकूड कोळशापेक्षा वरच्या भावानं गेलं, तर माळरान मोकळं करण्याचा खर्चही काही अंशी निघेल.

चिरणं ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी वाळवण्यात असते आणि बहुतेकांचे प्रयत्न तिथेच फसतात. ओल्या लाकडातलं मोकळं पाणी आधी जातं, तोवर लाकूड आकसत नाही. ओलावा २५-३० टक्क्यांच्या खाली उतरला की नळ्यांच्या भिंतींतलं पाणी जाऊ लागतं आणि मग आकसणं सुरू होतं. गंमत अशी की लाकूड वर्तुळांच्या दिशेनं जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते मध्यापासून सालीच्या दिशेनं आकसतं. गोल ओंडका अखंड पडून राहिला तर हा ताण कुठेतरी सुटावा लागतो आणि ओंडका मध्यापासून चांदणीसारखा तडकतो. म्हणजे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून बांधावर ठेवून दिलेला बुंधा पुढच्या वर्षी लाकूड राहिलेला नसतो. लवकर उभा चिरला तर प्रत्येक पाट आपापला आकसायला मोकळा होतो. थंड देशांत एक इंच जाडीला एक वर्ष असा वाळवण्याचा ठोकताळा आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत लाकूड त्याहून बरंच लवकर वाळतं, आणि धोका त्यातच आहे. एप्रिल-मे मधल्या दुपारच्या वाऱ्यात ताज्या पाटाचा पृष्ठभाग आधी सुकून आवळतो, आत ओल तशीच, आणि टोकांपासून भेगा पळत सुटतात. त्यामुळे पाट पाडायचे ते पाऊस सरल्यावर, कार्तिकापासून पुढे. त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण, जाड तेलरंग किंवा काही नसेल तर शेणमातीचा लेप लावायचा. सावलीत, जमिनीपासून हातभर उंच, दोन पाटांमध्ये एक इंची कोरड्या पट्ट्या घालून चळत रचायची. पट्ट्या दीड-दोन फुटांवर आणि वरपासून खालपर्यंत एकाखाली एक, नाहीतर पाट लाटेसारखे होतात. वर दगड ठेवायचे, माथ्यावर पत्रा, बाजू उघड्या. पहिल्या उन्हाळ्यात वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावून वारा मंद करायचा. झाडाचा मधोमध गाभा ज्या पाटात येतो तो पाट तडकणारच हे धरून चालायचं आणि तिथून त्याचे दोन अरुंद पाट करून घ्यायचे. आणि वाळल्यावरही लाकूड श्वास घेत राहतं: साठ सेंटिमीटर रुंद पाट आषाढात काही मिलिमीटर फुगतो, वैशाखात तितकाच आकसतो. टेबलाच्या सांगाड्याला तो घट्ट खिळून टाकणारा सुतार स्वतःच तडा ठोकत असतो. लांबट भोकं ठेवून स्क्रू बसवले की हा प्रश्न राहत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. लाकडाला चांगला भाव मिळू लागला, आणि चिरायचं यंत्र पाठीवर नेता येऊ लागलं, तर उभी झाडं सुरक्षित राहतील का? ही भीती काल्पनिक नाही. घाना देशानं १९९८ साली चेनसॉनं विक्रीसाठी लाकूड चिरण्यावर बंदी घातली, कारण जंगलातून चोरटी तोड वाढली होती. बंदीनंतरही पुढची अनेक वर्षं तिथल्या देशी बाजारातलं बहुतेक लाकूड याच बेकायदा चिराईतून येत राहिलं. या दाखल्यातून दोन गोष्टी दिसतात. यंत्र सोपं असल्यामुळे ते जंगलाच्या सीमेवर घातक ठरतं, ही एक. आणि यंत्रावर बंदी घालून ते थांबत नाही, ही दुसरी. पहारा ठेवायचा तो उभ्या झाडावर. आपल्याकडे तसा कायदा आहे. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा १९६४ सालचा; त्याच्या सूचीत साग, चंदन, मोह यांच्याबरोबर आपल्या जिल्ह्यात घरोघरी असलेले आंबा, चिंच आणि जांभूळही आहेत, आणि स्वतःच्या शेतातलं असलं तरी त्यांतलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. शहरांसाठी १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, आणि २०२१च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. चौकटीनं झाड चिरलं म्हणून यातल्या कुठल्याच कायद्यातून सूट मिळत नाही. वादळानं पडलेल्या झाडाच्या बाबतीतही लाकूड चिरण्याआधी आणि हलवण्याआधी महसूल किंवा वन कार्यालयात लेखी विचारून घ्यावं, रस्त्याकडेचं झाड असेल तर ते रस्त्याची मालकी असलेल्या खात्याचं आहे हे विसरू नये.

शिवाय झाड वाचवता येत असेल तिथे ते वाचवणं हेच पहिलं काम. सोलापूरवरून जाणाऱ्या रत्नागिरी-नागपूर महामार्गावर, सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावी सुमारे चारशे वर्षांचा वड रुंदीकरणात जाणार होता. २०२० साली लोकांनी आवाज उठवला आणि रस्त्याच्या आखणीत बदल करून तो राखला गेला. त्या वडाचे पाट किती निघाले असते हा हिशेब करणं अभद्र आहे. मी मांडतो आहे तो हिशेब आखणी बदलूनही न वाचलेल्या, परवानगीनं तुटलेल्या, वाऱ्यानं पडलेल्या किंवा वाळून गेलेल्या झाडांचा आहे. अशी झाडं जगभर असतात. अमेरिकेत २००२ साली मिशिगनमध्ये एक परदेशी भुंगेरा सापडला, त्यानं पुढे ॲश जातीची कोट्यवधी झाडं मारली, आणि शहरोशहरी ती तोडावी लागली तेव्हा त्या लाकडाचा भुगा करण्याऐवजी फळ्या करणाऱ्या छोट्या छोट्या फिरत्या गिरण्या उभ्या राहिल्या. एकही जिवंत झाड त्यासाठी जास्त तोडावं लागलं नाही.

जिवाच्या काळजीबद्दल थोडक्यात, पण निक्षून. या कामात माणूस वाकून, धुराच्या तोंडाशी, शंभर डेसिबलच्या वर जाणाऱ्या आवाजात तासन्‌तास असतो. कानावर आवाजरोधक, डोळ्यांवर चष्मा, नाकावर चांगला मास्क, पायात पोलादी टोकाचे बूट आणि मांड्यांवर जाड संरक्षक कापड, यांतलं काहीही ऐच्छिक नाही. चपला घालून, लुंगी खोचून चेनसॉ चालवताना जे दृश्य रस्तोरस्ती दिसतं ते धाडस नव्हे. त्या मजुराला साधनं न देणाऱ्या ठेकेदाराचा तो गुन्हा मानायला हवा.

रस्त्यांचं रुंदीकरण करणाऱ्या खात्यांना यात बरंच करता येईल. झाडांचा लिलाव करताना जळण आणि चिराऊ लाकूड यांची वेगळी मोजणी करा, दीड फुटापेक्षा जाड आणि सरळ बुंधा आठ फुटांच्या लांबीत ठेवण्याची अट घाला, आणि त्यातला काही भाग त्याच गावाच्या शाळेला बाकांसाठी द्या. जिल्ह्यातल्या आयटीआयमधल्या सुतारकामाच्या वर्गाला एक चौकट आणि एक मोठा चेनसॉ मिळाला तर चिराई आणि मुरवण दोन्ही शिकणारी मुलं तयार होतील. पण शेतकऱ्याला कुणाची वाट पाहायची गरज नाही. तुमच्या बांधावरचा कडुनिंब किंवा बाभूळ वादळात पडली आणि कागदपत्रं रीतसर झाली, तर फांद्या खुशाल जळणाला द्या, पण बुंध्याला हात लावू देण्याआधी टेप घेऊन व्यास आणि सरळ लांबी मोजा. व्यास दीड फूट आणि सरळ भाग सहा-सात फूट भरत असेल, तर चेनसॉवाल्याला थांबवा, दोन्ही टोकांना मेण लावा, बुंधा सावलीत ओढून घ्या आणि गावच्या सुताराला बोलावून दाखवा.